बंद शेडमधली पालेभाजी : दिव्याचा रंग, पाण्यातले खत आणि विजेचे बिल



यंत्रमागाच्या गावांतून फिरताना अर्ध्या रिकाम्या शेड दिसतात. माग भंगारात गेले, छप्पर आणि विजेचे कनेक्शन तेवढे राहिले. अशा जागेत काय करावे, हा प्रश्न घराघरात आहे. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने आमच्यापुढे एक छापील कागद ठेवला. बारा रॅक, रंगीत दिवे, पंप, एअर कंडिशनर असा सगळा संच आणि बंद खोलीत, मातीशिवाय, बारा महिने पालेभाजी. "चाचा, शेड तर पडूनच आहे. फक्त कर्जावर सही करा," तो म्हणाला.

आम्ही कागद दोनदा वाचला. त्यावर नफा होता, विजेचे बिल नव्हते. सही करण्यापूर्वी आम्ही दोन अटी घातल्या. पहिली, आधी दोनच रॅक घ्यायचे, तेही रोखीने. दुसरी, दिवा आणि खत पानावर काय काम करतात ते आधी समजून घ्यायचे. या अभ्यासातून आणि दोन रॅकच्या अनुभवातून जे हाती आले ते येथे देत आहोत. ज्यांच्यापुढे असाच कागद येईल त्यांना उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

पानाला कोणता रंग लागतो?

प्रकाशाचे रंग नॅनोमीटर या मापात मोजतात. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश पान अन्न तयार करण्यासाठी वापरते. यात ४०० ते ५०० निळा, ५०० ते ६०० हिरवा-पिवळा आणि ६०० ते ७०० नारिंगी-लाल, असा ढोबळ हिशोब आहे. प्रत्येक रंगाचे काम वेगळे आहे.

लाल रंग सर्वात कामाचा. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल दिवा विजेच्या मानाने भरपूर उपयोगी प्रकाश देतो. म्हणून भाजीच्या दिव्यात लाल मणी जास्त असतात. मात्र नुसत्या लाल दिव्याखाली लेट्यूससारखी भाजी लांबट, ढिली आणि फिकी होते.

निळा रंग रोपाला आवरून धरतो. पान जाड, बुटके व गडद होते आणि पानावरची सूक्ष्म छिद्रे नीट उघडतात. लाल जातीच्या लेट्यूसमध्ये लाली आणणारे अँथोसायनिन हे द्रव्यही निळ्या प्रकाशाने वाढते. पण निळा फार झाला तर पान लहान राहते आणि वजन घटते. पालेभाजीला एकूण प्रकाशाच्या १० ते २५ टक्के निळा पुरतो.

हिरव्या रंगाबद्दल मोठा गैरसमज आहे. पान हिरवे दिसते म्हणजे ते हिरवा प्रकाश वापरतच नाही, असे विक्रेते सांगतात. वास्तविक हिरव्या प्रकाशाचाही बराच मोठा भाग पान शोषून घेते. लाल-निळा वरच्या थरातच संपतो, हिरवा पानात खोल जातो आणि खालच्या पानांपर्यंतही पोचतो. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या केनेडी अवकाश केंद्रातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लाल-निळ्या दिव्यांत सुमारे २४ टक्के हिरवा प्रकाश मिसळल्यावर लेट्यूसची वाढ अधिक झाली होती.

चौथा रंग डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. तो म्हणजे ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा दूरचा लाल. झाडाच्या सावलीत लाल प्रकाश वरची पाने खाऊन टाकतात आणि दूरचा लाल खाली उतरतो. तो जास्त मिळाला की खालचे रोप समजते, आपल्यावर दुसऱ्याची सावली आहे, आणि उंच होऊ लागते. हे ओळखणारे पानातले द्रव्य म्हणजे फायटोक्रोम. त्याचा माग अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवरूनच काढला. भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या उगवत. त्यानंतर दूरचा लाल टाकला की उगवणे थांबे. अनेक वेळा आलटून पालटून प्रकाश दिला तरी शेवटचा रंग कोणता, यावरच निकाल ठरे.

यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा असा की उंची म्हणजे वाढ नव्हे. कापड ताणून लांबी वाढवता येते, वजन वाढत नाही. भाजी वजनावर आणि पानाच्या कसावर विकली जाते. विक्रेता उंच रोपाचा फोटो दाखवील तेव्हा पानाची जाडी आणि तोडलेल्या रोपाचे वजन विचारावे.

जांभळा दिवा की पांढरा?

लाल-निळे मणी एकत्र लागले की खोली जांभळी दिसते. बाजारात हाच दिवा 'शेतीचा खास दिवा' म्हणून खपवला जातो. त्याचा इतिहास असा. १९९१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवून दाखवले. तेव्हा चांगला तेजस्वी निळा एलईडीच नव्हता, म्हणून निळ्यासाठी त्यांना ट्यूबलाइट जोडावी लागली. पुढे १९९३ मध्ये जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी बाजारात आला. या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या मण्यावर पिवळा लेप दिला की पांढरा दिवा तयार होतो. म्हणजे आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडीतही निळा, हिरवा आणि थोडाबहुत लाल असतोच.

आमचा अनुभव सांगतो. एका रॅकवर जांभळे दिवे लावले आणि दुसऱ्यावर पांढऱ्यात लाल मणी मिसळलेले. पाणी दोन्हीकडे एकच, आमच्या बोअरचे. दोन आठवड्यांनी पांढऱ्या रॅकवरची कोवळी पाने पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. जांभळ्या रॅकवर सर्व ठीक आहे असे पुतण्या सांगत होता. आम्ही तिथला एक ट्रे उचलून शेडच्या दारात नेला. दिवसाच्या उजेडात बघतो तर तीही पाने तितकीच पिवळी! जांभळ्या उजेडात हिरवे पान काळपट दिसते. पिवळेपणा, डाग, कीड, काहीच नीट कळत नाही.

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सुचायला हवे होते. दुकानातल्या दिव्याखाली कोणी रंग पास करत नाही, तागा दारात नेऊनच शेड मिळवतो. आम्ही तेवढे विसरलो आणि त्यात तीन आठवडे गेले. तेव्हा आमचे सांगणे असे की जेथे माणसाला रोज पान पाहून निर्णय घ्यायचा आहे तेथे पांढरा अधिक लाल असा दिवा घ्यावा. जांभळा घेतलाच तर तपासणीसाठी एक साधा पांढरा दिवा वेगळ्या बटणावर ठेवावा.

उजेड मोजायचा कसा?

रंगाइतकेच प्रमाण महत्त्वाचे. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती प्रकाशकण पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. लेट्यूसला १६ तास २०० मायक्रोमोल दिले तर दिवसाचे सुमारे साडेअकरा मोल होतात. हे कामचलाऊ प्रमाण आहे. १२ ते १७ मोलांत लेट्यूस चांगले येते.

हे मोजण्याचे खास यंत्र महाग असते. पण दिवा पांढरा एलईडी असेल तर साध्या लक्समीटरचा आकडा ७० ने भागावा, अंदाज मिळतो. म्हणजे २०० मायक्रोमोलला सुमारे १४ हजार लक्स लागतात. सूर्यप्रकाशासाठी ५४ ने भागावे. जांभळ्या दिव्याला मात्र लक्समीटर लावू नये. ते यंत्र माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहे, जांभळ्याचा आकडा फसवा येतो.

दिव्याचे तास सर्व भाज्यांना सारखे नसतात. विलायती पालकाला दिवस लांब मिळाला की तो फुलावर येतो आणि माल वाया जातो. त्याला १२ तासांच्या आसपासच ठेवावे. लाल माठाला भरपूर प्रकाश आणि उष्णता लागते, दिव्याखाली तो परवडत नाही. शिवाय माठाची लाली अँथोसायनिनची नसून बीटाच्या रंगाच्या जातीची आहे. म्हणून लेट्यूसचा नियम माठाला डोळे झाकून लावू नये.

पाण्यातले खत

मातीशिवाय शेती म्हणजे खतमिश्रित पाण्यावरची शेती. याची सर्वात प्रसिद्ध कृती कॅलिफोर्नियाच्या होगलँड आणि अर्नन यांची, १९३८ ची. पूर्ण ताकदीच्या होगलँड द्रावणात दर लिटरला नत्र २१०, स्फुरद ३१, पालाश २३५ आणि मॅग्नेशियम सुमारे ४८ मिलिग्रॅम असते. त्याशिवाय कॅल्शियम आणि गंधक, आणि चिमूटभर लोह, मँगेनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम. पालेभाजीला बहुधा निम्म्या ताकदीचे द्रावण पुरते.

तीन गोष्टी सांभाळल्या तर निम्मे नुकसान टळते.

पहिली, दोन टाक्या. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत आणि सल्फेट व फॉस्फेटची खते दुसऱ्या टाकीत ठेवावीत. घट्ट द्रावणे एकत्र केली की पांढरा गाळ बसतो. तो खताचाच पैसा तळाला गेलेला असतो. पातळ पाण्यात मात्र दोन्ही एकत्र चालतात. डाइंगवाल्यांना हे समजावून सांगायला नको, कोणते रसायन कोणाबरोबर घालायचे नाही हे ते रोज पाळतात.

दुसरी, पाण्याचा सामू. तो साडेपाच ते साडेसहा हवा. सामू चढला की पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. आमच्या रॅकवर हेच झाले होते. बोअरचे पाणी जड, सामू ७.८, साध्या प्रकारचे लोह निकामी झाले. फॉस्फरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून सामू सहावर आणला, जास्त सामूवर टिकणारे डीटीपीए प्रकारचे लोह वापरले, तेव्हा नवी पाने हिरवी येऊ लागली. जुनी पिवळी पाने सुधारली नाहीत. आम्ल हाताळताना हातमोजे व चष्मा घालावा, आणि आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

तिसरी, द्रावणाची ताकद. ती विद्युतवाहकतेच्या मीटरने मोजतात. लेट्यूसला १.२ ते १.८ पुरते. जास्त खत म्हणजे जास्त भाजी, हा समज खोटा आहे. ताकद फार वाढली तर मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि पानांच्या कडा जळतात.

पान काय सांगते?

जुनी, खालची पाने सगळी पिवळी पडली तर नत्र कमी. खालच्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. वरच्या कोवळ्या पानात तसेच झाले तर लोहाची अडचण, आधी सामू तपासावा. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर कॅल्शियम तेथवर पोचत नाही.

या शेवटच्या दुखण्यात दिवा आणि खत यांचा संबंध दिसतो. पाण्यात कॅल्शियम असते, पण ते पानापर्यंत पाण्याच्या ओढीबरोबरच जाते. दिवा प्रखर ठेवला की पान झपाट्याने वाढते. आतले पान झाकलेले, हवा कोंडलेली, म्हणून ओढ कमी, आणि कॅल्शियम मागे राहते. अशा वेळी अधिक कॅल्शियम ओतून उपयोग नाही. छोटा पंखा लावावा किंवा प्रकाश थोडा कमी करावा.

उलट, प्रकाश कमी आणि खत भरपूर असेल तर वेगळा दोष येतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पान नायट्रेट ओढून घेते, पण प्रकाशाअभावी त्याचे प्रथिनात रूपांतर करू शकत नाही, आणि नायट्रेट पानात साठते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने नायट्रेटची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला ३.७ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला २२२ मिलिग्रॅम. किलोला २५०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेली भाजी त्याने १०० ग्रॅम खाल्ली तर २५० मिलिग्रॅम पोटात जाते. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोला ३५०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा घातली आहे. नायट्रेट स्वतः फारसे घातक नसले तरी शरीरात त्याचा काही भाग नायट्राइट होतो, आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका असतो.

म्हणून वीज वाचवण्यासाठी दिवे मंद करून खत वाढवणे ही लबाडी ठरते. गिऱ्हाइकाला माल हिरवागार दिसेल, आत दोष राहील. उपाय सोपा आहे. प्रकाश पुरेसा द्यावा आणि तोडणीपूर्वी दोन-तीन दिवस नायट्रेट नसलेल्या पाण्यावर रोपे ठेवावीत.

आता हिशोब

चांगला शेतीचा दिवा एका वॅटला अडीच मायक्रोमोल देतो. २०० मायक्रोमोलसाठी दर चौरस मीटरला ८० वॅट, १६ तासांत १.२८ युनिट. काही प्रकाश बाजूला वाया जातो, म्हणून रोज दीड युनिट धरू. रोपे लावल्यापासून २५ दिवसांत साडेसदतीस युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर सुमारे ३३७ रुपये. एका चौरस मीटरवर २५ रोपे, प्रत्येकी १५० ग्रॅम, म्हणजे पावणेचार किलो माल. किलोला ९० रुपये नुसत्या उजेडाचे झाले.

दिव्याची उष्णता बाहेर काढायला एअर कंडिशनर लागतोच, कारण लेट्यूसला १८ ते २४ अंश हवे. त्याचे रोज अर्धे युनिट धरले तर किलोमागे आणखी ३० रुपये. एकूण १२० रुपये झाले. यात बी, खत, मजुरी, रॅकची झीज, खराब माल, वाहतूक काही धरलेले नाही. आपल्या बिलावरचा दर घालून हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा. यंत्रमागाचा सवलतीचा दर भाजीला लागेल असे गृहीत धरू नये, वीज कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

स्वस्त म्हणून घरगुती २० वॅटच्या ट्यूब लावल्या तर? २००० ल्युमेनच्या अशा ट्यूबला वॅटमागे सुमारे १.४ मायक्रोमोल पडतात. त्याच भाजीला किलोमागे उजेडाचेच दीडशे रुपयांवर जातात. खरेदीत वाचलेला पैसा बिलातून जातो.

मोठ्यांनाही हा हिशोब सुटला नाही. जपानमधील तागाजो येथे सोनीच्या जुन्या कारखान्यात २०१४ मध्ये साडेसतरा हजार एलईडी दिव्यांखाली रोज १० हजार लेट्यूसचे गड्डे काढण्याची वाहवा झाली. ती चालवणाऱ्या मिराई कंपनीला २०१५ मध्ये न्यायालयाच्या संरक्षणाखाली जावे लागले. अमेरिकेतील एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बॉवरी ही कंपनी २०२४ मध्ये बंद पडली. कारणे प्रत्येकाची वेगळी असतील. पण भाजी उत्तम येते म्हणून धंदाही उत्तम चालतो असे नाही, एवढे यातून कळते.

मग करावे काय?

बारा रॅकच्या कागदावर आम्ही सही केली नाही. पुतण्या चार दिवस बोलला नाही. मग वरचा हिशोब त्याच्याच हातून, आमच्याच बिलाचा दर घालून लिहून घेतला. आता तो पुढील पद्धतीने काम करतो.

दिव्याखाली फक्त रोपवाटिका. एका चौरस मीटरवर ४०० रोपे १५ दिवस राहतात. त्याच दराने वीज सुमारे २०० रुपये, म्हणजे रोपामागे ५० पैसे. हे परवडते. पुढची वाढ गच्चीवर जाळीखाली, फुकटच्या सूर्यप्रकाशात. उन्हाळ्यात लेट्यूस बंद, त्या महिन्यांत पुदिना आणि माठ. एका रॅकवर मोहरी-मुळ्याचे कोवळे अंकुर. ते दहा-बारा दिवसांत निघतात, बियातल्या साठ्यावर वाढतात, त्यांना खत जवळजवळ लागत नाही आणि प्रकाशही कमी लागतो. पण हा माल नाशवंत आहे. म्हणून आधी दोन हॉटेलांची मागणी ठरवली, मग बी टाकले. मेथी, कोथिंबीर दिव्याखाली काढून शेतातल्या जुडीशी भावाची स्पर्धा करण्याच्या फंदात तो पडला नाही.

ज्यांच्या शेडला उत्तरेकडून काचेचे छप्पर आहे त्यांनी दिवा घेण्यापूर्वी लक्समीटर घेऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंदी कराव्यात. जितका उजेड वरून मिळेल तितके बिल वाचेल.

विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारावेत. दिव्याचे वॅटमागे मायक्रोमोल किती? लाल, निळा, हिरवा यांचे टक्के किती? चौरस मीटरला तोडलेल्या मालाचे वजन किती? आणि रोजचे युनिट किती? ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा नमुनाही घरी आणू नये. उत्तर देणारा भेटला तर दोन रॅक घ्यावेत, रोखीने घ्यावेत, आणि पान दारातल्या उजेडात नेऊन पाहावे.